पडद्यामागचा दिवा आणि पडद्यावरचे दोष



आजचा विषय व्यासपीठापेक्षा कारागिराच्या टेबलाला अधिक शोभणारा आहे, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वस्तूपुढे घरातील लहानथोर मंडळी रोज तास दोन तास बसतात, तिच्या पोटात काय चालते हे समजून घेण्यात कमीपणा नाही. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी संच म्हणजे एक अवजड पेटी असे. आज तो भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखा चपटा झाला आहे. पेटी गेली, काचेची नळी गेली, आणि तिच्याबरोबर जुने आजारही गेले; त्यांच्या जागी नवे आले. त्यांतला नेहमी आढळणारा आजार म्हणजे आवाज स्पष्ट येतो, पण पडदा काळा. पडद्यामागचे दिवे, ज्यांना बाजारात ‘बॅकलाइट’ म्हणतात, ते गेले की असे होते. या दिव्यांच्या पट्ट्या बाजारात सुट्या मिळतात. त्यामुळे हौशी व हातचलाख गृहस्थ संच उघडून त्या स्वतः बदलतात, आणि पुष्कळदा उजेड परत येतोही.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. उजेड आला, पण पडद्यावर एक उभी रेघ दिसते. किंवा ढगासारखे डाग दिसतात. किंवा अर्धा पडदाच कोरा राहतो. मग घरातली मंडळी म्हणतात, “तुम्हीच बिघडवलेत.” दुकानदार म्हणतो, “पॅनेल गेले, नवा संच घ्या.” संचाच्या किमतीचा मोठा भाग एकट्या पॅनेलचा असतो, तेव्हा ‘पॅनेल गेले’ हे दोन शब्द म्हणजे त्या संचाचा मृत्युलेखच होय. हे दोन्ही निवाडे खरे असू शकतील किंवा खोटेही. पाच मिनिटांत एक केबल नीट बसवून सुटणाऱ्या दोषापायी चांगला संच भंगारात जातो, आणि उलट, कधीच बरा न होणाऱ्या दोषावर लोक आठवडे आणि पैसे घालवतात. म्हणून निवाडा कसा करावा, हा आजचा विचाराचा प्रश्न आहे.

पडद्याची रचना

पहिली गोष्ट अशी की, आपण ज्याला पडदा म्हणतो तो स्वतः प्रकाशत नाही. पूर्वी चित्रपटगृहात फिल्म असे व तिच्यामागे दिवा असे. दिवा विझला तरी फिल्मवरचे चित्र कोठे जात नाही, ते केवळ दिसेनासे होते. येथेही तसेच आहे. पुढची काच ही फिल्म, मागच्या पट्ट्या हा दिवा. मात्र येथली फिल्म दर सेकंदाला कित्येक वेळा नव्याने लिहिली जाते.

ही किमया द्रवस्फटिकांची. फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो दोनदा वितळे: सुमारे १४५ अंशांवर गढूळ द्रव होई आणि सुमारे १७९ अंशांवर नितळ. मधल्या त्या गढूळ अवस्थेत द्रवाची वाहण्याची वृत्ती आणि स्फटिकाची शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. अशा द्रवाचा पातळ थर दोन काचांमध्ये कोंडून, बाहेरून दोन ध्रुवणकारी पापुद्रे लावले आणि विजेचा दाब कमीजास्त केला, म्हणजे त्यातून जाणारा प्रकाश कमीजास्त करता येतो. पूर्ण एच्‌डी पडद्यावर १९२० उभे स्तंभ आणि १०८० आडव्या ओळी असतात. आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडी, हिरवी व निळी अशा तीन झडपा असतात. म्हणजे एकूण ६२ लाख २० हजार ८०० झडपा. त्यांच्या उभ्या तारांना संदेश पोचतो तो काचेच्या एका लांब कडेला चिकटवलेल्या फिल्मसारख्या पातळ रिबनींतून. काच मात्र जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची, एकीवर एक अशी दोन.

आता दिव्याकडे वळू. पूर्वी येथे पारा असलेल्या बारीक नळ्या असत; पुढे त्यांची जागा एलईडीने घेतली. यातला पांढरा दिवा मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या प्रकाशद्रव्याचा लेप दिला की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा भास होतो. निळा एलईडी साध्य केल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संचात हे दिवे पत्र्याला चिकटवलेल्या पट्ट्यांवर असतात. बहुतेक संचांत ते पडद्याच्या थेट मागे पसरलेले असतात, काहींत कडेला. थेट मागे असले तर प्रत्येक दिव्यावर प्रकाश फाकवणारे एक लहान भिंग चिकटवलेले असते. पट्ट्यांच्या अवतीभवती शुभ्र परावर्तक कागद, पुढे दुधी रंगाची जाड प्रसारक पाटी, तिच्यापुढे दोन-तीन पातळ पापुद्रे, आणि सर्वांत पुढे काच, असा हा क्रम आहे.

दोन खाती

या रचनेतून निदानाचा पहिला नियम आपोआप निघतो. संचात दोन खाती आहेत, एक उजेडाचे व दुसरे चित्राचे. उजेड दुधी पाटीतून गाळून पुढे येतो. त्यामुळे त्याचा कोणताही दोष पडद्यावर मऊ, पसरट, कडा नसलेलाच दिसणार. चित्राच्या खात्याचा दोष मात्र तारांचा असल्यामुळे सरळ, रेखीव व धारदार दिसतो. दिवा कधी रेघ काढीत नाही, आणि तार कधी ढग काढीत नाही. अपवाद एकच: पापुद्र्याला पडलेली चुणी किंवा काचेमागे अडकलेला केस पुष्कळसा स्पष्ट दिसतो, पण तो क्वचितच नाकासमोर सरळ असतो, आणि चित्र बदलले तरी जागचा हलत नाही.

हा नियम ताडून पाहण्यासाठी संपूर्ण पडदाभर एकच रंग दाखवणारी चित्रे लावावीत: पांढरे, राखाडी, काळे, तांबडे, हिरवे, निळे. पांढऱ्या व राखाडी रंगावर उजेडाचे डाग उठून दिसतात. काळ्यावरही झळकत राहणारी हिरवी वा तांबडी रेघ चित्राच्या खात्याची समजावी. तिसरी कसोटी संचाच्या स्वतःच्या मेनूची. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष संचात आहे. मेनू स्वच्छ व बाकीचे चित्रच खराब असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या संदेशात, म्हणजे सेट-टॉप बॉक्स वा त्याच्या केबलीत आहे. अशा वेळी संचाला हात लावणे म्हणजे आग रामेश्वरी व बंब सोमेश्वरी.

पडदा अजूनही काळाच

पट्ट्या बदलल्या आणि पडदा तरीही काळा, असे झाले तर प्रथम खोलीत अंधार करून मागच्या झरोक्यांतून उजेड दिसतो का ते पाहावे. येथे पुष्कळांची फसगत होते. दूरचित्रवाणीच्या बहुतेक काचा विजेचा दाब नसताना प्रकाश अडवतात. त्यामुळे मागे दिवे लख्ख लागलेले असूनही, काचेला संदेशच पोचत नसेल तर पडदा काळाच राहतो. मागे उजेड आहे व पुढे काळोख, तर दिव्यांना दोष देऊ नये. मुख्य बोर्ड व टी-कॉन नावाचा बोर्ड यांमधली केबल पुन्हा लावताना वाकडी बसली नाही ना, हे संच बंद करून व प्लग काढून पाहावे. केबल तिरपी बसली तर टी-कॉनवरचा बारीक फ्यूजही उडू शकतो. उलट मागेही काळोख आहे, पण विजेरीचा झोत तिरपा टाकला असता पडद्यावर अंधुक चित्र हलताना दिसते, तर काच शाबूत व दिवे बंद, असे निश्चित समजावे.

दिवे एक-दोन सेकंद लागून विझणे, हे तिसरे लक्षण. याचा अर्थ संरक्षक व्यवस्था काम करीत आहे. ती का करते हे समजण्यासाठी थोडे गणित करू. समजा, तीन पट्ट्यांवर प्रत्येकी ८ असे २४ दिवे एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रत्येकाला ३ व्होल्ट लागतात, म्हणजे एकूण ७२ व्होल्ट. त्यांना वीज पुरवणारे मंडल विद्युत्प्रवाह कायम राखते व त्यासाठी दाब लागेल तसा चढवते. साखळीतला एक दिवा उलटा लागला, एक डाख सुटला, एक कनेक्टर ढिला राहिला, की प्रवाह खंडित होतो. मंडल दाब चढवीत जाते आणि ठरलेल्या मर्यादेशी येताच माघार घेते. सगळा पडदा गेला म्हणजे सगळे दिवे गेले, असे नाही. बहुधा एकच गेलेला असतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. बाजारात दिसायला सारखेच, पण ३ व्होल्टचे व ६ व्होल्टचे असे दोन जातींचे दिवे मिळतात. आपल्या उदाहरणात तिन्ही पट्ट्या ६ व्होल्टच्या लावल्या तर ७२ च्या जागी १४४ व्होल्ट लागतील; मंडल तेवढे देणार नाही आणि दिवे विझतील. एखादाच दिवा तसा लावला तर ते चालेल, पण १ वॉटच्या ३ व्होल्टच्या दिव्यांसाठी राखलेला सुमारे ०.३३ अँपिअरचा प्रवाह ६ व्होल्टच्या दिव्यातून गेला, की त्यावर २ वॉटचा भार पडतो. १ वॉटचा दिवा दुप्पट भार किती दिवस सोसणार? थोड्याच दिवसांत ‘पुन्हा बिघडला’ अशी तक्रार येते ती यामुळे.

उजेडाचे दोष

आता दिवे लागले आहेत, पण उजेड सम नाही, अशा दोषांकडे येऊ. ठिकठिकाणी रुपयाच्या नाण्यासारखे प्रखर गोल दिसत असतील तर त्या दिव्यांवरची भिंगे गळून पडलेली आहेत. जुनी भिंगे चिकटवताना ती बरोबर मध्यावर बसावी लागतात; डोळ्याला न कळण्याइतकी सरकली तरी डाग पडतो. सगळ्याच पडद्यावर चांदणे पसरल्यासारखे ठिपके दिसत असतील, तर नव्या पट्टीची भिंगे किंवा दिव्यांमधले अंतर मूळच्यासारखे नाही. एखाद्या ठिकाणी मंद, काळसर सावली असेल, तर तेथला दिवा आतून शॉर्ट झालेला असतो. तो विझतो, पण प्रवाह पुढे जाऊ देतो. काही कारागीर गेलेल्या दिव्यावर तार जोडून काम भागवतात. त्याने इतर दिव्यांवरचा भार वाढतो असे मानतात ते खरे नाही, कारण प्रवाह ठरावीकच असतो. पण डाग मात्र राहतो, आणि त्याच वयाचे बाकीचे दिवे वाटेवरच असतात.

रंगाचेही असेच. काही पट्टे निळसर व काही पिवळसर दिसत असतील, तर जुन्या व नव्या दिव्यांची भेसळ झाली आहे. दिवे उष्णतेने म्हातारे होताना त्यांच्यावरचा पिवळा लेप खराब होतो आणि मूळचा निळा रंग उघडा पडतो. सगळा पडदा निळाजांभळा होतो तो यामुळे. म्हणून एक दिवा गेला तरी सगळा संच बदलावा, हे सांगणे व्यापाऱ्याचा लोभ नव्हे. तसेच पट्टी पत्र्याला नीट चिकटलेली हवी. ती अधांतरी राहिली तर उष्णता जायला वाट उरत नाही. पापुद्र्यांचा क्रम चुकणे, एखादा उलटा पडणे, त्यांवर बोटांचे ठसे उमटणे, ही आणखी कारणे. या सगळ्यांवर उपाय एकच आहे. काच बसवण्यापूर्वी दुधी पाटी व पापुद्रे ठेवून, प्रवाहाची मर्यादा राखणाऱ्या परीक्षकाने पट्ट्या अर्धा-एक तास पेटवून पाहाव्यात. काच एकदाच उचलावी लागली तर निम्मे अपघात टळतात.

चित्राचे दोष

उभ्या रेघा, उभा पट्टा, अर्धा पडदा, आडव्या ओळी आणि तडा, असे चित्राच्या दोषांचे पाच प्रकार सांगता येतील. यांपैकी अर्धा पडदा हा दिसायला सर्वांत भयंकर, पण बरा होण्याची आशा त्यातच अधिक. मोठ्या पडद्यांत डाव्या व उजव्या अर्ध्या भागाला बहुधा दोन वेगळ्या चपट्या केबली जातात. त्यांतली एक खिटीत नीट बसली नसेल तर नेमका तेवढाच भाग जातो. प्लग काढावा, खिटी उघडावी, केबल सरळ बसवावी, खिटी बंद करावी.

एकच उभी रेघ असेल तर एका तारेचा सांधा सुटला; रुंद उभा पट्टा असेल तर एका रिबनीच्या ताब्यातला सगळा प्रदेश गेला. संच जोडून झाल्यावर चौकटीच्या त्या कडेला बोटाने हलके दाबले असता रेघ येत-जात असेल, तर सांधा सैल आहे हे कळते. परंतु कळणे वेगळे आणि बरे करणे वेगळे. हे सांधे डाख देऊन जोडलेले नसून उष्णता व दाब यांनी चिकटवलेले असतात. त्यासाठी खास यंत्र लागते, ते घरगुती काम नव्हे. ही इजा होते कोठे? काच उचलताना. रिबनींच्या दुसऱ्या टोकाचे अरुंद बोर्ड पाठीच्या पत्र्याला स्क्रूने वा खिटीने अडकवलेले असतात. ते आधी सोडवले नाहीत आणि काच उचलली, की रिबन फाटते. बंद करताना चौकटीखाली रिबन चिमटली, तर रेघ त्याच दिवशी न दिसता काही दिवसांनी उगवते.

आडव्या ओळींचे मूळ बाजूच्या कडेला. पुष्कळशा नव्या पडद्यांत ओळी चालवणारे मंडल खुद्द काचेवरच घडवलेले असते. ते बिघडले तर बदलायला निराळा भागच नसतो. आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग व त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, हा तडा होय. त्याला औषध नाही.

कावळा आणि फांदी

दुरुस्तीनंतर दिसला तो दोष दुरुस्तीनेच झाला, हे गृहीत धरू नये. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. दिवे बंद होते तेव्हा काचेवरची रेघ कोणालाच दिसत नव्हती. ती आधीपासून असणे अगदी शक्य आहे. म्हणून संच उघडण्यापूर्वीच विजेरी घेऊन सगळा पडदा, विशेषतः कडा, तपासाव्यात. घरच्या कारागिराची अब्रू आणि बाहेरच्या कारागिराशी होणारा वाद, या दोन्हींचा निकाल त्या पाच मिनिटांत लागतो.

त्यानंतर आपल्या जुन्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीत उपयोगी पडते. कारण असता कार्य असते, कारण काढले असता कार्य नाहीसे होते, हे दोन्ही दाखवल्यावाचून कारण सिद्ध झाले असे म्हणू नये. व्यवहारात याचा अर्थ असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मंद दिसणारी पट्टी शेजारच्या तशाच पट्टीच्या जागी लावून पाहावी. मंदपणा पट्टीबरोबर सरकला तर दोष पट्टीचा. तो जागेवरच राहिला तर दोष त्या जागेच्या जोडणीचा. चार भाग एकदम बदलून संच सुरू झाला, तर आपण पैसे खर्च केले, पण ज्ञान काहीच मिळवले नाही.

मर्यादा आणि पथ्य

या कामाला मर्यादा आहेत. घरातील २३० व्होल्टची वीज संचात सरळ केली जाते, तेव्हा मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. दिव्यांच्या पट्ट्यांवरही शंभरावर व्होल्ट असू शकतात. ज्याला मल्टिमीटर वापरता येत नाही त्याने पाठीचे झाकण उघडू नये, आणि ज्याला येतो त्यानेही उघडा संच चालू ठेवून आत हात घालू नये. मोठ्या पडद्याची काच एकट्याने उचलू नये. दोन माणसे, सपाट टेबल आणि मऊ चादर एवढे हवेच.

पथ्य साधे आहे. दिवे मरतात ते मुख्यतः उष्णतेने. पुष्कळ घरांत बॅकलाइटची मात्रा वर्षानुवर्षे शंभरावर ठेवलेली असते. ती साठ-सत्तरवर आणली तर डोळ्यांना फारसा फरक पडत नाही, दिव्यांचे आयुष्य मात्र वाढते. येथे एक सावधगिरी घ्यावी: पुष्कळ संचांत ‘ब्राइटनेस’ नावाची मात्रा केवळ चित्राचा काळेपणा बदलते, दिव्यांचा प्रवाह नव्हे, ‘बॅकलाइट’ हे नाव शोधावे.

दुरुस्तीचा हक्क हा विषय आता सरकारदरबारीही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. तडा गेलेला संच भंगारवाल्याच्या हातोड्याखाली न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. जुन्या नळ्यांच्या संचात पारा असतो, हे विसरू नये. परंतु द्यायचा तो खरोखर गेलेला संच. तो गेला की नाही हे ठरवण्यासाठी एक विजेरी, सहा रंगांची चित्रे आणि थोडा धीर एवढीच सामग्री लागते. ‘पॅनेल गेले’ असे कोणी म्हटले, तर “कशावरून?” एवढे विचारायला आपण चुकू नये, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.